चोचीचा शिंपला

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळची ड्यूटी करून घरी आले, जेवले आणि रिठे फोडून कोमट पाण्यात टाकले. परवा रविवारी चर्चमध्ये बाप्तिस्मा आहे, म्हणजे आज चांदी काढायची.

चांदी म्हणजे तीनच वस्तू. एक वाडगा, एक लहान झारी आणि तळहातात मावेल असा एक शिंपला. झारीतून वाडग्यात पाणी ओततात आणि पाळकसाहेब ते पाणी शिंपल्यानं बाळाच्या डोक्यावर घालतात. इंग्रजांच्या काळात विलायतेहून आलेलं हे सामान परभणीत अजून जागेवर आहे, कारण ते बँकेत नाही आणि चर्चच्या कपाटातही नाही. ते ज्वारीच्या कोठीत असतं. सध्या ती कोठी आमच्या स्वयंपाकघरात आहे. ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला की आधी झारीचा कान लागतो, मग वाडगा, आणि शिंपला सगळ्यात शेवटी.

पाण्याला फेस येतो आहे तोवर चर्चच्या सेक्रेटरींचा फोन आला. गृहस्थ चांगले आहेत, फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट आजच व्हायला हवी असते.

"सिस्टर, उद्या तुमची सुट्टी हाय ना? मानवतला जाऊन या. तिथं एक कारागीर जुनं चांदीकाम चांगलं करतो म्हणे. तो शिंपला तेवढा सरळ करून आणा."

"कुठून सरळ करायचा?"

"कुठून म्हंजे काय? पुढून चोच आलीय न त्याला. वाकलाय तो. आता पुण्याचे पाहुणे काचेचं कपाट देणार, रविवारी ते स्वतः येणार, लोक फोटो काढणार. आसा मोडका कसा ठेवावा?"

मी "बघते" म्हणाले आणि हात ओले आहेत म्हणून फोन ठेवला.

शिंपला मोडका नाही. त्याची कड एका जागी दाबून पुढं ओढलेली आहे, चिमणीच्या चोचीसारखी. ती चोच माझ्या डोळ्यांदेखत झाली. ज्या बाईंनी ती केली त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही लग्नानंतर भाड्यानं राहायचो. सेक्रेटरी तेव्हा नांदेडला नोकरीला होते, त्यामुळे त्यांना माहीत असण्याचं कारण नाही. मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या लोकांतल्या, ज्यांना माहीत होतं त्यांतले बरेच आता नाहीत. म्हणून लिहून ठेवते.

सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर नर्सिंग केलं आणि दवाखाना बंद पडल्यावरही त्या निवृत्त झाल्या नाहीत, एवढंच की पगार थांबला. उंच, हाडकुळ्या, पांढरं पातळ, पायांत पुरुषी चपला. हातात घड्याळ कधी नसायचं. घड्याळ घातलेल्या हातानं लेकराला उचलू नये, काटे लेकराच्या अंगात जातात, असं त्यांचं ठाम मत होतं. अशी बरीच मतं होती. फ्रीजमधलं पाणी प्यायल्यानं माणूस बहिरा होतो हे एक. कुणाचंही बाळ हातावर घेऊन त्या वजन सांगायच्या आणि ते बहुतेक वेळा चुकायचं. काट्यावर वेगळं निघालं की म्हणायच्या, "काटा बिघडलाय."

बाळाला त्यांच्यासमोर "बिचारं" म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच तर दरवाजाकडं बोट. "बिचारं म्हणायचं आसंल तर बाहीर जाऊन म्हणा. ते ऐकायलंय."

चांदी ज्वारीत ठेवायची पद्धत त्यांचीच. "चोराला सोनं पाहिजे, भाकरी न्हाई. कोठीत कोण हात घालतंय?" याचा एक तोटा होता. झारी कितीही धुतली तरी तिच्या नळीत एखादा दाणा अडकून राहायचा. एका रविवारी पाण्याबरोबर ज्वारीचा टपोरा दाणा आला आणि बाळाच्या कपाळावर मधोमध चिकटला. पाळकसाहेब थबकले. बाई पहिल्या बाकावरून मोठ्यानं म्हणाल्या, "बरकत हाय. ऱ्हाऊ द्या." पाळकसाहेबांनी दाणा राहू दिला आणि प्रार्थना पुढं चालवली. तो मुलगा आता पालमला बी-बियाणांचं दुकान चालवतो. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, मी सांगितलंच होतं.

ही चांदी कुणी दिली याची गोष्ट त्यांच्याकडं होती, पण ती एक नव्हती. कधी ती जालन्याच्या छावणीतल्या साहेबाच्या मडमेनं दिलेली असायची. कधी एका म्हाताऱ्या मिशनरीणबाईनं आपल्या आईचे चमचे आटवून करवलेली. कधी ती मुळात दुसऱ्याच चर्चला चाललेली होती आणि पुरात बैलगाडी अडकली म्हणून इथं राहिली. वाडग्याच्या बुडाला इंग्रजी अक्षरं होती, ती घासून घासून पुसून गेलेली. मी एकदा विचारलं, "बाई, यातलं खरं कोणतं?"

"तुला कोणतं आवडलं?"

"बैलगाडीचं."

"मंग तेच."

बाप्तिस्म्याच्या दिवशी मात्र गोष्टी बंद. त्या दिवशी पहाटे स्टोव्हवर पाणी कोमट करून झारीत भरायचं, झारी टॉवेलात गुंडाळायची आणि चर्चला जायचं. उपासना चालू असताना शिंपला बाईंच्या मुठीत, मूठ पदराखाली. पहिल्या गीतापासून पाळकसाहेबांनी हात पुढं करेपर्यंत त्या मूठ सोडायच्या नाहीत. उभं राहायचं, बसायचं, गायचं, सगळं एका हातानं. उपदेश लांबला तर खोकायच्या. एका नव्या पाळकांना वाटलं की बाईंना दमा आहे.

मी विचारलं होतं, हे कशासाठी?

"थंडगार चांदी टाळूला लागली की लेकरू दचकतंय. मंग ते रडतंय. मंग त्याची माय रडतीय. मंग परमेश्वराला ऐकू काय येणार हाय? आपलं काम उलुसं हाय, शिंपला गरम ठिवायचा."

माझी मुलगी झाली ती वेळेच्या बरीच आधी, भर उन्हाळ्यात. नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये, सासूबाई आजारी, माझी आई वालूरला आणि आजोबांचं दुखणं घरात. सरकारी दवाखान्यात काही दिवस ठेवून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं आणि नीट समजावून सांगितलं की हिला ओढायची ताकद येईपर्यंत दूध काढून वाटी-चमच्यानं पाजा. मी तेव्हा नर्सिंगचं शिक्षण अर्धं सोडून लग्न केलेली बाई. मला सगळं येतं असं मला वाटायचं.

चमचा तिच्या तोंडाला मोठा होता. दूध दोन्ही गालांवरून कानात जायचं. तिच्या पोटात किती गेलं आणि फडक्यात किती, काही कळत नव्हतं. ती रडतही नव्हती, झोपूनच राहायची, आणि झोपलेलं बाळ म्हणजे गुणी बाळ नव्हे एवढं मला कळत होतं. तिसऱ्या प्रहरी मी मागच्या दारात तिला मांडीवर घेऊन बसले होते. बाई वाळवण उचलायला आल्या.

"कामून रडायलीस?"

"रडत नाही. घाम आहे."

"डोळ्यातून घाम आलेला आज पैल्यांदा बगितला." त्यांनी फडकं हातात घेऊन दाबलं. ते दुधानं ओलं होतं. "फडकं चांगलं बाळसं धरायलंय. लेकराचं काय?"

त्या आत गेल्या. ज्वारीत हात घातल्याचा तो खसखस आवाज मी आजही ओळखीन. शिंपला बाहेर आला, भांड्यात उकळला गेला. पहिला प्रयत्न फुकट गेला, कारण शिंपल्याची कड गोल, दूध चमच्यासारखंच दोन्हीकडून सांडलं. बाईंनी शिंपला उजेडात धरून पाहिला. मग पळी घेतली, तिच्या दांडीवर शिंपल्याची कड ठेवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही बाजूंनी दाबली.

"बाई! चर्चची चांदी आहे!"

"मग काय झालं?"

"वाकली ना!"

"वाकायला पायजेच हाय." आणखी एक दाब. "उंद्या सरळ करू."

चोच पुन्हा उकळून, निववून त्यांनी मुलीला उभं धरलं, चोच खालच्या ओठावर टेकवली आणि थांबल्या. दूध ओतलं नाही. नुसतं ओठापर्यंत आणलं. मुलीनं जीभ बाहेर काढली, मांजरीसारखी. मग बाई गायला लागल्या. उपासनेतलं एक संथ गीत. एक कडवं पूर्ण झालं की एक घोट. कडवं संपायच्या आत दुसरा घोट नाही, मी कितीही चुळबुळ केली तरी नाही.

"घाई करशील तर ठसका लागंल. गाण्याला घाई करता येत न्हाई, म्हणून गायचं. घड्याळ बगून पाजणारीचा हात हलतोय."

फडकं कोरडं राहिलं. त्या दुपारी मी पहिल्यांदा फडकं कोरडं पाहिलं.

ती मुलगी आता पुण्याला नोकरी करते आणि फोनवर मला आहारावर भाषणं देते. मी देवाचे आभार मानते तेव्हा बाईंचं नाव आधी घेते. देवाला तो क्रम चालत असावा.

"उंद्या" कधी आला नाही. कारण आमचं बाळ ओढायला लागलं तोवर दुसरं आलं, मग तिसरं. गोष्ट बाहेर फुटली. बाईंच्या ओट्यावर लेकुरवाळ्या बसायला लागल्या, मानवतहून, वालूरहून, एसटीनं. शिंपला कुणाच्या घरी जायचा नाही, पाजायचं ते ओट्यावर. ज्यांना ताप असेल, धाप असेल त्यांना बाई दारातूनच दवाखान्यात पिटाळायच्या. "हितं शिंपला हाय, सलाइन न्हाई."

पालमकडच्या एका धनगर कुटुंबाची सून आली होती. बाळ मुठीएवढं. बरोबर तिची सासू, घोंगडं पांघरलेली, कपाळावर भंडारा, डोळे शिंपल्यावर. तिला कुणी तरी वाटेत सांगितलं होतं की ह्याच भांड्यानं किरिस्तावांची पोरं किरिस्ताव करतात. सून पदर सावरून पुढं झाली तशी सासूनं तिचा हात धरला.

"बाई, येक इचारू का? राग धरू नगा."

"इचारा."

"ह्यातून पेल्यावर लेकरू आमचं ऱ्हाईल का तुमचं व्हईल?"

मला वाटलं बाई आता दरवाजा दाखवतात. त्यांनी शिंपला मांडीवर ठेवला.

"बाप्तिस्मा पाण्याचा आसतो, माय. दुधाचा नसतो. आन पाणी पाळकानं घालावं लागतंय, मला घालता येत न्हाई. येवढ्या साऱ्या वर्षांत मला कुणी घालू दिलं न्हाई."

म्हातारी हसली नाही. "आन ते गानं?"

"गाणं आमचं हाय. तुमाला चालत नसंल तर तुमचं म्हणा. पर हळू म्हणा. कडव्याला येक घोट."

म्हातारीनं घोंगडं मागं सारलं आणि जात्यावरची ओवी म्हणायला लागली. आवाज जाड, पण लय अशी की जाता जाता थांबावं. बाईंनी तिच्या ओवीवर बाळाला पाजलं. पाजून झाल्यावर म्हणाल्या, "तुमची चाल बरी हाय. आमच्यापेक्षा हळू हाय." पुढं त्या स्वतः बाळांना पाजताना तीच चाल गुणगुणायच्या. एकदा चर्चमध्ये, उपासना सुरू व्हायच्या आधी, मी त्यांच्या शेजारी बसले होते तेव्हाही ती ऐकली. मी कोपरानं ढोसलं. त्या म्हणाल्या, "परमेश्वराला ज्वारी दळलेली चालती."

इतकं झाल्यावर मंडळीत बोलाचाली होणारच. एका रविवारी उपासनेआधी चार मोठी माणसं पाळकसाहेबांच्या खोलीत बसली. बाईंना बोलावलं. मीही मुलीला घेऊन गेले, कारण पहिलं मूल माझं होतं. एक ज्येष्ठ सभासद होते, सफारीतले, आवाज उपदेशकाचा.

"बाई, पवित्र पात्रात दूध घालता तुम्ही?"

"दूध कदीपासून बाटलं?"

"आणि हे वाकवलं कुणी?"

"म्या."

"कुणाला विचारून?"

"लेकराला. ते गप पीत व्हतं."

पाळकसाहेब खाली बघून हसले. ज्येष्ठांना ते दिसलं आणि त्यांचा आवाज चढला. "चांदी मंडळीची आहे!"

"आन ही पोरगी मंडळीची न्हाई?" माझ्या मांडीवरच्या मुलीकडं हात.

"ही आहे. पण परवा ते धनगराचं?"

"ते पाव्हणं. पाव्हण्याला चांगल्या भांड्यात देत्यात."

ठरलं असं की आज उपासना होऊ द्यावी, मग चांदी बाईंकडून काढून घ्यावी. बाई उठल्या आणि पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. मूठ पदराखाली. मी मागून पाहत होते, त्यांचे खांदे नेहमीसारखे ताठ नव्हते.

त्या दिवशी बाप्तिस्मा होता. तोवर आमच्याकडं बाप्तिस्मा म्हणजे एक छोटा पूर असायचा. शिंपल्याच्या गोल कडेवरून पाणी पसरून यायचं, बाळाच्या कानात, मानेत, नव्या फ्रॉकात, आईच्या पातळावर. बाळं किंचाळायची, मोठी माणसं त्याला शुभ म्हणायची. चोच झाल्यापासून हा पहिलाच बाप्तिस्मा. पाळकसाहेबांनी शिंपला घेतला, भरला, कलवला. पाणी एका बारीक धारेनं टाळूवर मधोमध पडलं. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. बाळानं डोळे मिचकावले आणि पाळकसाहेबांच्या दाढीकडं बघत राहिलं. आईनं आपलं पातळ चाचपून पाहिलं, कोरडं होतं. पाळकसाहेबांनी शिंपला उलटसुलट करून पाहिला आणि मग बाईंकडं पाहिलं.

दारात हस्तांदोलन करताना ज्येष्ठ सभासदांनी आठवण दिली, "ते चांदीचं?"

"असू द्या तिथंच," पाळकसाहेब म्हणाले. "धार नेमकी पडते."

घरी कोठीत चांदी सरकवताना बाई एवढंच म्हणाल्या, "आज माजं गुडघं कापायलं व्हतं. कुणाला सांगू नगंस." आज पहिल्यांदा सांगते आहे.

मला नर्सिंग पुरं करायला त्यांनीच लावलं. विनवणी वगैरे केली नाही. एका सकाळी मुलीला माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाल्या, "जा. हितं बसून तू आणि लेकरू दोघीबी आळशी व्हायलाव." मी शिकले तितके दिवस माझी मुलगी त्यांच्या ओट्यावर वाढली. आज नवजात बाळांच्या वॉर्डमध्ये मी जे भांडं वापरते ते स्टीलचं आहे, त्याला चोच आहे आणि ते कंपनीतून चोचीसकटच येतं. नव्या मुलींना शिकवताना मी कडवं म्हणायला सांगते. त्या मोबाइलवर काहीबाही लावतात. चाल हळू असली की मी काही बोलत नाही.

शेवटच्या आजारात बाईंची एक बाजू गेली होती, जीभ जड झालेली. चांदी कुणाकडं ठेवायची हा प्रश्न होता. मंडळीतल्या दोघांनी तिजोरी आहे म्हणून सांगितलं. बाईंनी मला बोलावलं.

"तुज्या घरी वर्साचं काय भरतीस? गहू का ज्वारी?"

"ज्वारी."

"मंग ठीक."

एवढीच मुलाखत. त्यांची पत्र्याची कोठीही मग आमच्याकडं आली.

तर आज संध्याकाळी शिंपला रिठ्याच्या पाण्यातून काढून जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसत बसले. चोचीच्या आतल्या बाजूला दोन अंगठ्यांचे उथळ खळगे आहेत. माझे अंगठे त्यांत बसत नाहीत, बाईंचे मोठे होते. कारागीर हे खळगे एका हातोडीत काढील आणि छान काम झालं म्हणून चहा मागवील. सेक्रेटरींचं म्हणणं खोटं नाही, काचेच्या कपाटात सरळ वस्तू शोभते. पण कपाटात गेलेली वस्तू ज्वारीत परत येत नाही.

मी लोखंडी कपाट उघडलं. मुलीचे लहानपणचे चांदीचे वाळे माझ्या आईनं केलेले, आणि माझे पैंजण, जे ड्यूटीवर चालत नाहीत आणि घरी घालायला मला वेळ नाही. मुलीला फोन लावला.

"तुझे वाळे आटवले तर चालतील का?"

"आई, मला आता ते अंगठ्यातसुद्धा जाणार नाहीत. कशाला?"

सांगितलं. मग म्हणाली, "पैंजणही घाल. कपाटातला जरा वजनदार होऊ दे." आणि मग, "आई, ती चाल कशी होती गं?" मी म्हटलं, उद्या लवकर उठायचंय.

सेक्रेटरींना फोन केला.

"कपाटासाठी नवा शिंपला करून देते. सरळ, गोल, फोटोत चांगला येईल असा. माझ्या चांदीचा. त्याच्यासमोर चिठ्ठी लावा, नवा आहे म्हणून. खोटं नको."

"आन जुना?"

"जुना ज्वारीत. रविवारी बाप्तिस्मा त्यानंच."

"सिस्टर, कमिटीला काय सांगू मी?"

"काही सांगू नका. रविवारी पुढच्या बाकावर बसा आणि बाळाकडं बघा. मग कमिटीला मी सांगते."

"तुमी त्या बाईंसारखं बोलायलाव," म्हणाले आणि फोन ठेवला. ते बाईंना फक्त शेवटी शेवटी भेटले होते, तरी.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी पहिल्या एसटीनं मानवतला गेले. थंडी बरी होती, खिडकीची काच लागत नव्हती. वाळे आणि पैंजण पर्समध्ये, शिंपला नमुन्यासाठी बरोबर. कारागिराचं दुकान नुकतंच उघडत होतं, तो उदबत्ती फिरवत होता. मी वाळे-पैंजण समोर ठेवले आणि शिंपला त्याच्या हातात दिला.

"असाच करायचा, पण गोल. ही चोच नको."

त्यानं शिंपला उजेडात धरला, बोट फिरवलं. "हा सरळ करून देऊ का? वाकलाय बगा."

"त्याला हात लावू नका. फक्त माप घ्या."

त्यानं माप घेतलं. मग शिंपला या हातातून त्या हातात केला आणि माझ्याकडं बघितलं.

"येवढ्या थंडीत हा गरम कसा काय हो?"

मी पाहिलं तर शिंपला देऊन झाल्यावरही माझी रिकामी उजवी मूठ परत पदराखाली गेली होती. शिंपला त्याच मुठीत आणला होता, स्टँडपासून, नव्हे घरापासूनच असणार. मी त्याच्याकडून शिंपला परत घेतला, मुठीत धरला आणि उद्याच्या बाप्तिस्म्याची तयारी करायची होती म्हणून परतीची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.